नारायणरावांचं पिस्तूल

मधुवंती : हात नको लावू, दादा. तेल अजून मुरायचंय.

(देवासला टेकडीच्या रस्त्यावर मधुवंतीचा दातांचा दवाखाना. रविवारची दुपार, शटर अर्धं खाली. पेशंटच्या खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये, पांढऱ्या कापडावर एक जुनं ठासणीचं पिस्तूल.)

उमाशंकर : वा. पिस्तूल आमच्या घरचं आणि हात आम्हीच लावायचा नाही.

मधुवंती : लाव की. ठसे उमटतील, मला पुन्हा पुसावं लागेल, एवढंच. बस ना. त्या खुर्चीवर नको, ती मागे कलते.

उमाशंकर : मी उभाच बरा आहे. बसायला आलोच नाही. धारहून निघून, इंदूरला बस बदलून, पुढच्या सीटला गुडघे टेकवून आलोय, ते फक्त हे घेऊन जायला. परवा खंडेनवमी आहे. आठवण आहे ना तुला, की पेशंटच्या गर्दीत विसरलीस?

मधुवंती : उद्या मी गाडीतून आणणारच होते. बापूंना तसं सांगितलंय.

उमाशंकर : बापूंना सांगितलंस. आणि मला कोण सांगणार? मी काय त्या घरात भाडेकरू आहे? माझी काय गत झाली ते ऐक. घट बसायच्या आधी देवाचं कपाट आवरायला घेतलं. लाल कापड जागच्या जागी, आत काही नाही. सगळे कप्पे उपसले. विनोदिनीला हाक मारली, तर ती म्हणे, मला कुठे त्याला हात लावायची परवानगी आहे, मला काय विचारता. मग कामवालीला विचारलं. बिचारी रडायलाच लागली. आता ठाण्यात जाणं आलं, तिथे नोंद आहे त्याची. नळीत शिसं ओतून बंद केलेलं असलं म्हणून काय झालं, पिस्तूल ते पिस्तूल. मी चपला घातल्या, आणि तेव्हा कुठे बापू आरामखुर्चीतून म्हणतात, कशास धावतोस, मधूकडे आहे ते. शेजारी कुणाला छत्री दिली असावी तसं.

मधुवंती : त्यांनी तुला आधी सांगायला हवं होतं.

उमाशंकर : तू सांगायला हवं होतंस. गौरीच्या जेवणाला आलीस, चांगल्या पुरणपोळ्या हाणल्यास, आणि मी बापूंच्या गोळ्या आणायला बाजारात गेलो तेवढ्यात पर्समध्ये घालून पसार झालीस. मतलब, माहेरवाशिणीनं असं करायचं असतं?

मधुवंती : पर्समध्ये मावत नाही ते. डब्याच्या पिशवीतून नेलं. वहिनीनं पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या ना, त्यांच्या खाली.

उमाशंकर : आता वर थट्टा कर माझी.

मधुवंती : थट्टा नाही. चहा टाकू?

उमाशंकर : नको. हा घोडा... ही वेलबुट्टी कधीची आहे याच्यावर?

मधुवंती : पहिल्यापासूनच असणार. गंजाखाली गेली होती. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, मग दातांवरचं किटण काढते त्याच हत्यारांनी एकेक खाच मोकळी केली. जुनी हत्यारं, तू तोंड वाकडं करू नकोस, उकळून घेतली होती. फिरता रबरी ब्रश असतो ना पॉलिशचा, तो शेवटी फिरवला. मुठीच्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं, तेच अजून मुरायचंय. रोज दवाखाना बंद झाला की थोडं थोडं करायचे. घाई केली की गंजाबरोबर खालचं चांगलं लोखंडही खरवडलं जातं.

उमाशंकर : इतकी वर्षं मी पूजा करतोय आणि मला ही वेल कधी दिसली नाही.

मधुवंती : छान आहे ना?

उमाशंकर : छान असणारच. तू केलंस म्हटल्यावर छानच असतं सगळं. त्या दिवशी विश्वासराव आले होते चहाला. त्यांना तू ओळखतेस, कुणाचं काही चांगलं झालं की त्यांना पहिलं कळायला हवं. बापूंनी त्यांना सगळी कथा लावली. माझ्या मधूचा हात कसा हलका, माझी मधू गंजातून लोखंड कसं जिवंत करते. विश्वासराव माझ्याकडे बघून म्हणतात, क्यों भिया, बहिणीनं तुमचं नाक कापलं की हो. आणि त्यावर बापू काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, खरे तर ज्याणे नीट केले त्याणेच यंदा पूजेला पाटावर बसावे. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो, मधू. साखर कमी घालून बापूंचा वेगळा कप केला होता.

मधुवंती : असं म्हणाले? पाटावर बसावं म्हणून?

उमाशंकर : बघ, डोळे कसे चमकले तुझे.

मधुवंती : काही चमकले नाहीत.

उमाशंकर : मी काय आंधळा आहे? हे बघ, स्पष्टच बोलतो, मला जळफळाट होतो. होतो म्हणजे होतो. सरदारपूरला मला मोठ्या शाळेत बोलावलं होतं, प्रिन्सिपल करत होते. तिथे राहायला जावं लागलं असतं म्हणून मी नाही म्हणालो, बापू एकटे पडतील म्हणून. सकाळी त्यांचं पाणी तापवायचं, नखं काढायची, त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, हिंदी उच्चार चुकला की बोलणीही खायची. आणि संध्याकाळी तुझा फोन आला की म्हातारा ताजातवाना. जेवलीस का, मधू? थकलीस का, मधू? मी समोर बसलेला असतो. मी जेवलो का, ते आजपर्यंत एकदाही विचारलं नाही त्यांनी.

मधुवंती : तू त्यांच्यासमोरच तर जेवतोस.

उमाशंकर : म्हणून विचारायचं नाही?

मधुवंती : बरं. घेऊन जा पिस्तूल. कापडात बांधून देते. पण एक ऐकशील? यंदा त्याच्यावर पंचामृत नको घालू.

उमाशंकर : आता पूजाही तू शिकवणार मला.

मधुवंती : शिकवत नाही. नुसतं गंध-फूल वाहा. पूर्वी वाहायचे तसं.

उमाशंकर : पूर्वी वाहायचे ते बघितलंय मी. झेंडूचं एक फूल ठेवायचं, हात जोडायचे, उठायचं. संस्थानच्या काळात आपले पणजोबा नारायणराव ते कमरेला लावून नालछ्याच्या जंगलात दौरे करायचे, आणि त्याची पूजा म्हणजे एक फूल? आई गेली त्या वर्षी बापूंनी पूजा माझ्याकडे दिली, आणि तेव्हापासून मी वाढवली ती. देवाला स्नान घालता, मग शस्त्राला का नाही? दूध, दही, तूप, मध, साखर, कशातच हात आखडता घेतला नाही. गल्लीतली माणसं बघायला येतात. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच एक आहे, मधू, आणि तेही तुला नको आहे.

मधुवंती : बरं बाबा. राहू दे. घाल तू.

उमाशंकर : नाही, आता बोललीस ना. का नको?

मधुवंती : काही नाही. सहज म्हटलं.

उमाशंकर : तू सहज बोलणाऱ्यातली नाहीस. काय आहे?

मधुवंती : दादा, मी बापूंना शब्द दिलाय. नको विचारू.

उमाशंकर : वा रे वा. म्हणजे आता तुमचं दोघांचं गुपितही निघालं. फार छान. घर मी सांभाळायचं, दवाखान्याच्या वाऱ्या मी करायच्या, रात्री खोकला आला की पाठ मी चोळायची, आणि गुपितं देवासला. बापूंना मी कोण वाटतो नक्की? गडी? दे ते इकडे. तेल मुरो न मुरो, मी निघालो.

मधुवंती : थांब. असाच निघालास तर रस्ताभर मनात घोळवशील आणि घरी जाऊन बापूंवर काढशील. हा दिवा बघ, इथे. चापाच्या मागे ही बारीक फट आहे. तेवढंच अजून काढायचं राहिलंय. टोकावर घेऊन दाखवते तुला. हे काय वाटतं?

उमाशंकर : गंज. दुसरं काय असणार?

मधुवंती : वास घे.

उमाशंकर : कशाला?

मधुवंती : घे तर.

उमाशंकर : ...तूप आहे हे. खवट झालंय.

मधुवंती : हं.

उमाशंकर : पण मी नंतर पाणी घालतो वरून. शुद्धोदक. स्वच्छ धुतो.

मधुवंती : धुतोस, आणि तसंच ओलं लाल कापडात बांधून कपाटात ठेवतोस. पुढच्या नवमीपर्यंत. साखर, मध, दही, वरून पाणी. नळीखाली, घोड्याच्या बुडाशी, जिथे जिथे खाच आहे तिथे तिथे हेच निघालं मला. तोंडातही याच्यानंच किडतं सगळं.

उमाशंकर : म्हणजे हा सगळा गंज...

मधुवंती : तू बस जरा. बस, कलली तर कलली खुर्ची.

उमाशंकर : नाही, उभा राहतो. पण मग इतकी वर्षं कसं टिकलं? आई जाऊन किती काळ लोटला. तेव्हापासून घालतोय मी. आत्ता आत्ता लाल दिसायला लागलं ते.

मधुवंती : तेच कोडं मलाही पडलं होतं. वरचा गंज काढला तर खालचं लोखंड तेल पिऊन गुळगुळीत. कुणीतरी निगा राखल्यासारखं. मी बापूंना फोन करून विचारलं. आधी हवापाण्याचंच बोलत राहिले. मग म्हणाले, नवमीची जेवणं होऊन सगळे आडवे झाले की मी ते कपाटातून काढीत असे. मागच्या पडवीत बसून जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडं करीत असे, शिलाईच्या मशीनचं तेल लावून पुन्हा तुझ्याच गाठीसारखी गाठ मारून ठेवीत असे. दरवर्षी. हात कापायला लागले तशी ती गाठ सुटेना त्यांना. तिथून गंज चढला.

उमाशंकर : मला का नाही सांगितलं? एका शब्दानं सांगितलं असतं, उमा, पाणी घालू नकोस. मी ऐकलं नसतं का?

मधुवंती : मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, आई गेल्यावर तो कशातच नव्हता. पूजेत रमला. त्याचे हात त्या वाटीशी असायचे तेव्हा तोंडावर जरा रंग यायचा. त्यास कसे सांगू, की बाबा रे, तुझी भक्तीच त्याला खाते आहे. म्हणून तुझ्या नकळत मला दिलं. तुला कळायच्या आत नीट करून कपाटात ठेवायचं, असं ठरलं होतं. तू कपाट लवकर आवरायला घेतलंस, त्याला मी काय करू?

उमाशंकर : आणि विश्वासरावांपुढे ते सगळं कौतुक?

मधुवंती : ते खरंच असेल. नाहीतर गंजाचं बोलणं पुढे जाऊ नये म्हणून असेल. बापूंचं काही सांगता येत नाही.

उमाशंकर : पडवीत बसून पुसायचे. आणि मी आत घोरत पडलेला असायचो.

मधुवंती : आता माझं ऐक. तुझा जळफळाट तू सांगितलास, माझाही ऐकून घे. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, पीएमटीला, पहिल्यांदा मी हुकले, तेव्हा घरात सत्यनारायण होता. अख्खी पंगत बसलेली, आणि बापू वाढता वाढता सगळ्यांना सांगत होते, आमची मधू नापास झाली हो. अमझेऱ्याच्या पाहुण्यांना तर दोनदा सांगितलं, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून. मी श्रीखंडाचं पातेलं धरून उभी. आत्या म्हणाल्या, हसून घे, मनावर नको घेऊ. तुझ्यासाठी मात्र माणूस वर्षानुवर्षं पडवीत लपून फडकं फिरवतो. तुला कळलं तर तुला लागेल म्हणून. दादा, मला तुझा हेवा वाटतो. हे पिस्तूल घासताना रोज वाटायचा. माझ्यासाठी त्या घरात कुणी कधी काही झाकलं नाही.

उमाशंकर : तू खंबीर आहेस म्हणून असेल.

मधुवंती : मला कुणी विचारलं होतं, खंबीर आहेस का म्हणून? आणि खंडेनवमीला काय असायचं, तेही आठव. तू बापूंच्या मांडीवर, पिस्तूल तुझ्या हातात. मी उंबऱ्याच्या अलीकडे. एकदा नुसतं बोट लावलं या मुठीला, तर इंदिराआत्यांनी हातावर चापट मारली, मुलींनी शस्त्राला शिवायचं नाही. तू पंचामृत सुरू केलंस तेव्हा मला काम मिळालं. लग्न झाल्यावरही दर नवमीला धारला येते ती कशाला, तर तुझ्यामागे उभं राहून वाटी धरायला. पिस्तुलाला हात लावायला मिळाला तो आत्ता, ते गंजून गेलं तेव्हा. मुठीवर हाताची झीज आहे, बघ. नारायणरावांची असेल. माझी बोटं बरोबर बसली तिथे. मला घाई नव्हती ते नीट करायची. खरं सांगते, संपूच नये असं वाटत होतं.

उमाशंकर : तुझा फोन वाजतोय.

मधुवंती : बापू असतील. हाताला तेल आहे माझ्या. तूच स्पीकर लाव, आणि बोलू नकोस काही.

बापू : मधू, जेवलीस का?

मधुवंती : जेवले, बापू.

बापू : बरे. उमा पोचला का तिकडे?

मधुवंती : पोचला. इथे बाहेर... हात धुवायला गेलाय.

बापू : मग पटकन ऐक. गंज कशाने चढला ते त्यास सांगितले नाहीस ना?

मधुवंती : नाही.

बापू : नकोच सांगू. पोर हळवे आहे. मनास लावून घेईल आणि पूजाच सोडून बसेल. विचारलेच तर सांग, भिंतीला ओल आहे. आणि हे बघ, पाटावर बसण्याविषयी मी विश्वासरावांपुढे भलतेच बोलून बसलो. उमाचे तोंड उतरले, मी पाहिले. ते राहू दे. पाटावर त्यासच बसू दे. तू समजूतदार आहेस.

मधुवंती : हो, बापू.

बापू : वाटी धरावयास येशील ना?

मधुवंती : येते की. दरवर्षी येतेच ना मी.

बापू : बरे. जप. ठेवतो.

उमाशंकर : मधू.

मधुवंती : कापड कुठे ठेवलं मी ते? हे घे. अशी घट्ट गाठ मारू नकोस पुढे, सैल मार. बसमध्ये पिशवी मांडीवर ठेव, वर फळी असते तिथे नको.

उमाशंकर : मधू, ऐक.

मधुवंती : ऐकलं मी बापूंचं, आणि तूही ऐकलंस. तूच बस पाटावर. माझं काही नाही. पंचामृतही घाल. एकदम थांबवलंस तर त्यांना कळेल, मी तुला सांगितलं ते. चमचाभरच घाल, बापूंना वरून दिसेल इतपत. जेवणं झाली की मी पडवीत बसून पुसून ठेवीन.

उमाशंकर : बापू तिथे बसलेले असतील आता. त्यांना झोप कुठे लागते दुपारची.

मधुवंती : मग त्यांच्या शेजारी बसून पुसेन.

उमाशंकर : पिस्तूल ठेव तुझ्याकडे. मघाशी म्हणालीस ना, तेल मुरायचंय. उद्या तूच आण गाडीतून.

मधुवंती : आणि तू रिकाम्या हातानं जाणार? एवढा तणतणत आलास तो?

उमाशंकर : रिकाम्या हातानं कशाला, गुडघा घेऊन जातो की. आखडलाय माझा, बसमध्ये. मांडी घालता येत नाही. परवा पाटावर बसणं काही जमेलसं दिसत नाही.

मधुवंती : कुठला आखडलाय? आल्यापासून तू उभा आहेस, दादा. मी दोनदा बस म्हटलं.

उमाशंकर : बसता येत नाही म्हणूनच तर उभा आहे. पाटावर तू बस. वाटी धरायला काही मांडी घालावी लागत नाही, ती मी धरीन.

मधुवंती : बापू काय म्हणतील?

उमाशंकर : काय म्हणणार? माणसाचा गुडघा दुखतो म्हटल्यावर कोण काय म्हणतं? विश्वासरावांना मात्र लंगडून दाखवावं लागेल, ते बारीक बघतात.

मधुवंती : दादा, तुझा गुडघा एकदम ठणठणीत आहे.

उमाशंकर : आहे ना. पण ते बापूंना सांगू नकोस.